किती अंतरावरून पाहावें? नव्या कॅमेऱ्यासाठीं प्राइम लेन्स निवडतांना

एकत्र कुटुंबांत एखादी मोठी वस्तु घ्यावयाची म्हणजे ती एकट्याची खरेदी कधींच नसते. ज्याला ती हवी असते त्याची हौस, ज्याच्या हातीं जमाखर्च असतो त्याची काळजी आणि ज्यांना तिचा कांहींच उपयोग नसतो त्यांचे सल्ले, हें सर्व पंगतीला एकदमच येऊन बसतें. गेल्या वर्षीं दिवाळीच्या तोंडावर आमच्या चंद्रपूरच्या घरीं असाच एक प्रश्न निघाला. प्रश्न एका कॅमेऱ्याचा होता. परंतु त्याचा निकाल लागेपर्यंत आम्हां सर्वांना स्वतःच्या घराविषयीं जें कांहीं कळून आलें, तें वाचकांच्या कानीं घालावें असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमचा पुतण्या येथील एका बँकेंत नोकरीस आहे. त्याला छायाचित्रांचा नाद सात-आठ वर्षांपासूनचा. ताडोबाच्या जंगलाचें मोहर्ली येथील प्रवेशद्वार आमच्या गांवापासून अवघें तीसएक किलोमीटर; तेव्हां सुटीचा दिवस उजाडला कीं स्वारी त्या वाटेला लागावयाची, हें ठरलेलें. आजवर त्याचें काम एका लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर व दोन झूम लेन्सेसवर चाललें होतें. आतां त्याच्या मनानें घेतलें कीं, फुल फ्रेम कॅमेरा घ्यावा, झूम सोडून प्राइम लेन्सेस घ्याव्या, आणि त्यांत पहिली घ्यावी ती ६०० मिलिमीटरची. जुना संच विकून येणारे पैसे व त्याची स्वतःची शिल्लक मिळूनही बरीच तूट राहत होती. ती त्यानें घराच्या सामाईक खात्यांतून उसनी मागितली. त्या खात्यांत जी रक्कम होती, ती माजघरावरचे कवेलू पावसाळ्यापूर्वीं बदलण्यासाठीं आमच्या वहिनींनीं, म्हणजे त्याच्या आईनें, महिन्या-महिन्याला बाजूस टाकलेली होती.

"काका, वाघ कांहीं रोज दिसत नाहीं. दिसला त्या दिवशीं लेन्स तोकडी पडली, तर जन्मभर हळहळ राहील," असें तो म्हणाला.

वहिनी यावर कांहींच बोलल्या नाहींत. आम्हीं मात्र त्याजकडे आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि तेवढ्या अवधींत हा विषय मुळापासून समजून घेण्याचा उद्योग आरंभिला.

फुल फ्रेम म्हणजे काय?

फुल फ्रेम हें नांव नवें असलें तरी माप नवें नाहीं. चलच्चित्रांसाठीं वापरली जाणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म लहानशा हातकॅमेऱ्यांत आडवी बसवावी, ही युक्ति जर्मनींतील ऑस्कर बार्नाक ह्या कारागिरानें काढली. आणि १९२५ सालीं तो कॅमेरा लायका ह्या नांवानें बाजारांत आला. त्यांतील प्रत्येक चित्र ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर उंच असे. पुढें फिल्मचें युग संपेपर्यंत हौशी छायाचित्रकारांचें माप बहुतांशीं तेंच राहिलें. फिल्म जाऊन सेन्सर आले, तेव्हां एवढ्या आकाराचा सेन्सर बनविणें फार खर्चाचें पडूं लागलें. म्हणून सामान्य गिऱ्हाइकांच्या कॅमेऱ्यांत सुमारें २४ × १६ मिलिमीटरचे लहान सेन्सर बसविण्यांत आले. २००५ सालीं कॅननचा ५डी हा कॅमेरा निघाल्यापासून पूर्ण मापाचा सेन्सर हळूहळू हौशी माणसाच्याही आवांक्यांत येऊं लागला. बार्नाकच्या त्या जुन्या मापाच्या सेन्सरलाच आज फुल फ्रेम म्हणतात.

मोठ्या सेन्सरचा लाभ खराच आहे. त्याचें क्षेत्रफळ लहान सेन्सरच्या सव्वादोनपटींहून थोडें अधिक भरतें. जितकें क्षेत्र मोठें तितका प्रकाश अधिक गोळा होतो. त्यामुळें पहाटेच्या, तिन्हीसांजेच्या किंवा घरांतील मंद उजेडांत काढलेल्या चित्रांत जे रवाळ ठिपके उमटतात, ते बरेच कमी होतात.

परंतु ह्या लाभाची दुसरी बाजू दुकानदार सहसा सांगत नाहींत. मोठी पोळी लाटून तिच्या मध्यभागीं वाटी दाबली, म्हणजे पुरी निघते; पोळी मात्र होती तेवढीच असते. लहान सेन्सर ही ती वाटी होय. लेन्स जें चित्र पाडते त्याचा मधला भाग तेवढा तो उचलतो, आणि तोच भाग पुढें पूर्ण चित्र म्हणून मोठा करून पाहिल्यामुळें दूरची वस्तु जवळ आल्यासारखी भासते. ३०० मिलिमीटरची लेन्स लहान सेन्सरवर ४५० मिलिमीटरच्या लेन्सइतकें अरुंद दृश्य दाखविते. तीच फुल फ्रेमवर चढविली कीं पुन्हां ३०० ची होते. म्हणजे ज्यास दूरचा प्राणी टिपावयाचा आहे, तो अधिक पैसे मोजून नवा कॅमेरा घेतो आणि पहिल्याच दिवशीं वाघ पूर्वींपेक्षां लांब गेलेला पाहतो! पुढें चित्राचा मधला भाग कापून घेतां येतो हें खरें. पण २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम चित्रांतून लहान सेन्सरएवढा भाग कापला, तर हातीं साडेदहाच्या आसपासच मेगापिक्सेल उरतात. शिवाय लहान सेन्सरसाठीं बनविलेल्या लेन्सेस फुल फ्रेमवर एक तर बसत नाहींत, आणि बसल्या तर चारी कोपरे काळे पडतात किंवा कॅमेरा आपण होऊनच मधला भाग तेवढा वापरतो.

एकच दृष्टि असलेली लेन्स

जिचा आवांका कमीजास्त करतां येत नाहीं ती प्राइम लेन्स. ५० ची ती सदैव ५० चीच. आजच्या तरुणांना ही मोठी अडचण वाटते; पण आमच्या आजोबांच्या डबा कॅमेऱ्याला तरी दुसरें काय होतें? आमच्या घरच्या जुन्या आल्बममधील मुंजी, डोहाळजेवणें, वाड्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या चार पिढ्या, हें सर्व एकाच न हालणाऱ्या भिंगांतून उतरलेलें आहे. चित्रांत माणूस मोठा हवा असेल तर आजोबा पुढें सरकत. सगळें बिऱ्हाड हवें असेल तर मागें अंगणांत जात.

प्राइम लेन्सचा खरा मोठेपणा तिच्या छिद्रांत आहे. लेन्सवर जो एफ नांवाचा आंकडा असतो तो जितका लहान, तितकें छिद्र मोठें. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी झूम लेन्स तिच्या लांब टोकाला एफ/५.६ पर्यंतच उघडते. थोड्या हजारांत मिळणारी ५० मिलिमीटरची प्राइम एफ/१.८ पर्यंत उघडते. ह्या दोन छिद्रांतून येणाऱ्या प्रकाशांत जवळजवळ दहा पटींचें अंतर आहे. आम्हीं हा प्रयोग आमच्या देवघरांत एक मित्राची लेन्स आणून केला. समईच्या उजेडांत झूम लेन्सला सेकंदाचा बारावा हिस्सा लागला, त्यांत फूल वाहणारा हात धुरासारखा उमटला. प्राइमला सव्वाशेवा हिस्सा पुरला आणि बोटांची पेरें मोजून घ्यावीं इतकीं स्पष्ट आलीं. चकमकाट करणारा फ्लॅश लागला नाहीं, आणि म्हणून पूजेंतही खंड पडला नाहीं.

मात्र छिद्र मोठें म्हणजे सर्वत्र चांगलें, असें नव्हे. ८५ मिलिमीटरच्या लेन्सनें अडीच मीटरांवरून एफ/१.८ वर चित्र घेतलें, तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली जेमतेम नऊ सेंटिमीटर असते. आजीचे डोळे स्पष्ट आले तर मागें उभ्या असलेल्या नातवाचा चेहरा पुसट होणार! दोन रांगांचा घरगुती समूह घ्यावयाचा असेल तर एफ/५.६ पर्यंत छिद्र बारीक करावेंच लागतें. तेव्हां मोठें छिद्र ही अडीअडचणीला उपयोगीं पडणारी शिल्लक समजावी. ती रोज उधळूं नये.

अंतराचें त्रैराशिक

आतां कोणत्या मापाची लेन्स घ्यावी, ह्या मूळ प्रश्नाकडे येऊं. ह्याचें उत्तर शाळेंतील त्रैराशिकानें मिळतें, हें पाहून आम्हांस मोठा आनंद झाला. फुल फ्रेम कॅमेरा आडवा धरला असतां, समोरच्या वस्तूपर्यंतचें अंतर ३६ नें गुणावें आणि लेन्सच्या मिलिमीटरांनीं भागावें. चित्रांत किती रुंदीचा भाग मावेल तें निघतें.

उदाहरणार्थ, आमची पडवी दहा फूट रुंद, म्हणजे सुमारें तीन मीटर. भिंतीला पाठ लावून ३५ ची लेन्स लावली, तर समोरचा तीन मीटरांचा भाग मावतो. पांच-सहा माणसें खांद्याला खांदा लावून बसतील. ५० ची लावली तर दोन मीटरांहून थोडें अधिक, म्हणजे तिघेंजण. ८५ ची लावली तर सव्वा मीटर. कॅमेरा उभा धरल्यास बसलेलें एक माणूस डोक्यापासून मांडीपर्यंत. एकट्या माणसाच्या चेहऱ्यासाठीं ८५ चें माप जें नांवाजलेलें आहे, त्याचें कारण हेंच कीं तें आपणांस दोन-अडीच मीटर दूर उभें करतें. चेहऱ्याचें प्रमाण अंतरावर अवलंबून असतें; फार जवळ जाऊन रुंद लेन्सनें चित्र घेतल्यास नाक फुगतें व कान मागें जातात. दोन-अडीच मीटरांवरून माणूस आपल्याला जसा रोज दिसतो, तसाच चित्रांत येतो.

हेंच त्रैराशिक घेऊन ताडोबांत चलावें. ताडोबा १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. १९८६ सालच्या अंधारी अभयारण्यासह तेथें आज व्याघ्रप्रकल्प आहे, आणि त्याचें गाभा क्षेत्र सव्वासहाशें चौरस किलोमीटरांचें आहे. तेथें पायीं उतरण्यास मनाई. जिप्सींतून जावयाचें आणि जिप्सींतूनच परतावयाचें. "झूम कशाला हवी, दोन पावलें पुढें जा," हा प्राइम लेन्सवाल्यांचा आवडता उपदेश घरांत शोभतो, जंगलांत शोभत नाहीं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें गाडीनें प्राण्यापासून निदान २० मीटर दूर राहावयाचें असतें. आतां २० ला ३६ नें गुणून ३०० नें भागा: २.४ मीटर. पूर्ण वाढलेला वाघ आडवा उभा राहिला तर शेपटीखेरीज तेवढ्यांत सहज मावतो, आणि भोंवतीं बांबूची दोन बेटेंही येतात. वाघ ३० मीटरांवर असेल तर ४५० चें माप लागतें. परंतु तीच ३०० ची लेन्स जुन्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर चढविली कीं तें काम भागतें. ६०० ची लेन्स खरोखर हवी ती पक्ष्यांसाठीं. वाघासाठीं ती तेव्हांच हवीशी वाटते, जेव्हां आपणांस वाघ नको असून फक्त त्याचे डोळे हवे असतात.

किंमत व वजन पाहिलें तर हा विचार अधिकच पटतो. एफ/४ ची ६०० मिलिमीटर लेन्स तीन किलोग्रॅमच्या आसपास वजनाची असते, व तिची किंमत दहा लाखांच्या वर जाते. अलीकडे एफ/६.३ च्या, दीड किलोग्रॅमच्या आंतल्या हलक्या लेन्सेस निघाल्या आहेत. आमच्या पुतण्याला हवी होती ती ह्याच जातीची. पण तीही कांहीं लाखांच्या घरांतली, आणि पहाटेच्या झुंजूमुंजूं उजेडांत, जेव्हां वाघ रस्त्यावर असतो, तेव्हां तिचें छिद्र तोकडें.

मोजदाद

हा सर्व हिशेब मांडून झाल्यावर आम्हीं पुतण्यास एक काम सांगितलें. प्रत्येक डिजिटल चित्राच्या पोटांत तें किती मिलिमीटरवर घेतलें, ह्याची नोंद आपोआप राहते. तेव्हां गेल्या पांच वर्षांतील चित्रें संगणकावर मापांप्रमाणें लावून पाहावीं, आणि आपण खरोखर किती अंतरावरून पाहतों तें आधीं ठरवावें. आपल्याला कोणती लेन्स हवी हें आपल्या हातानें आधींच लिहून ठेविलेलें असतें. फक्त तें वाचावयाचें असतें.

तो दोन रात्री ह्या कामांत होता. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तो आमच्या खोलींत आला, तेव्हां त्याच्या हातांत आंकड्यांचा कागद होता. पण तो त्यानें लगेच दिला नाहीं. आंकडे अपेक्षेप्रमाणेंच होते. मोठा ढीग झूमच्या अगदीं टोकाला, ३०० वर. दुसरे दोन लहान ढीग घरचे: एक २३-२४ च्या आसपास, दुसरा ५५ वर. फुल फ्रेमच्या भाषेंत ह्यांना दीडानें गुणलें तर ३५ आणि ८५ होतात.

पण त्याला बोलावयाचें होतें तें निराळेंच. आमचे वडील बंधू, म्हणजे त्याचे वडील, वनखात्यांत होते. नोकरीचीं बरींच वर्षें त्यांनीं आलापल्लीच्या बाजूस काढलीं. त्यांना जाऊन आतां दोन वर्षें झालीं. तेराव्याच्या दिवशीं जो फोटो पाटावर ठेविला, तो त्यांच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला होता; घाईंत दुसरा मिळाला नाहीं, असें त्या वेळीं सर्वांस वाटलें. मोजदादींत कळलें कीं, तो मिळण्यासारखा नव्हताच. हजारों चित्रांत दादा पंधराएक ठिकाणीं होते. पंगतीच्या टोकाला, फ्लॅशनें मिटलेल्या डोळ्यांचे; दारांत पाठमोरे; कोणाच्या तरी मागें अर्धे. एक चित्र ताडोबांतलें होतें. दादा जिप्सीच्या पुढच्या जागेवर बसले आहेत, त्यांचा खांदा व कानशील एका कोपऱ्यांत धूसर दिसतें आहे, आणि दूर पाणवठ्यावर वाघीण अगदीं स्पष्ट उमटली आहे. तो खांदा कापून चित्र नीट करावयाचें राहून गेलें, म्हणूनच तें तसें शिल्लक होतें.

"बाबा माझ्यापासून हातभर अंतरावर होते," एवढेंच तो म्हणाला. थोड्या वेळानें कागद आमच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, सहाशेची नको."

आलापल्लीच्या वाटेवर

फुल फ्रेम कॅमेरा त्यानें घेतला. त्याबरोबर ३५ व ८५ ह्या दोन एफ/१.८ च्या प्राइम लेन्सेस घेतल्या. दोन्ही मिळून किंमत त्या ६०० च्या लेन्सच्या एका लहानशा हिश्शाइतकी झाली. जुना कॅमेरा मात्र आम्हीं त्याला विकूं दिला नाहीं. पौषांत आम्ही दोघे गडचिरोलीकडे निघालों. हा जिल्हा १९८२ सालीं चंद्रपूरपासून वेगळा झाला. पण आमच्या घरांत अजूनही त्याला दादांचा मुलूख असेंच म्हणतात. आलापल्लीजवळचें जुन्या सागाचें राखलेलें वन, ज्याला वनवैभव म्हणतात, तें २०१४ सालीं जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झालें. तेथले साग इतके उंच, कीं ३५ च्या लेन्समध्यें एक अखंड झाड मावावयास त्याच्या उंचीइतकें मागें जावें लागावें. आणि मागें जावें तों मध्यें दुसरीं दहा झाडें! पुतण्यानें तो नाद सोडला. दादांच्या हाताखालीं काम केलेले एक वृद्ध वनरक्षक आमच्यासोबत आले होते. ते एका बुंध्याला हात पसरून भिडले, तरी दोन्ही हात मिळून निम्माही घेर झाला नाहीं. तें चित्र दोन मीटरांवरून, ३५ च्या लेन्सनें घेतलें. तेवढ्या जवळून घेतल्यामुळें ते म्हातारे गृहस्थ चित्र होईपर्यंत बोलत राहिले, आणि दादांच्या नोकरींतल्या ज्या गोष्टी आम्हां घरच्यांनाही ठाऊक नव्हत्या त्या आम्हीं त्या दिवशीं ऐकल्या.

तेथून पुढें भामरागडला, इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतमी ह्या तीन नद्यांच्या संगमापर्यंत आम्ही गेलों. वाटेंतच हेमलकसा, जेथें १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं लोकबिरादरी प्रकल्पाचा पाया घातला. हा माडिया लोकांचा प्रदेश. येथें येणारे पुष्कळसे हौशी लोक गाडींत बसल्या बसल्या लांब लेन्सनें बायकामुलांचे चेहरे टिपतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें, आणि मग अंतराचा जो विवेक आम्ही शोधीत होतों तो आम्हांस तेथें लाभला. लांब लेन्स वाघापुढें सभ्यपणाची आहे, कारण तीमुळें आपण त्याच्या वाटेंतून दूर राहतों. तीच माणसापुढें असभ्य होते, कारण तीमुळें त्याला न विचारतां त्याचा चेहरा नेतां येतो. ३५ ची लेन्स घेऊन हें साधत नाहीं. समोर जावें लागतें, रामराम करावा लागतो, विचारावें लागतें. आणि नको म्हटलें तर कॅमेरा खालीं घ्यावा लागतो. आमच्या पुतण्यास त्या दिवशीं दोघींनीं नको म्हटलें. त्यानें कॅमेरा खालीं घेतला, ह्याचें आम्हांस समाधान वाटलें.

आणखी एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ह्या दोन्ही जिल्ह्यांत उन्हाळ्यांत मोहफुलें वेंचावयास व तेंदूपानें तोडावयास माणसें पहाटेच पायीं जंगलांत शिरतात, आणि त्यांतल्या कित्येकांना वाघाच्या हल्ल्यांत प्राणास मुकावें लागलें आहे. वीस मीटर कीं तीस मीटर, हा आमच्यापुढें लेन्सचा प्रश्न असतो. त्यांना मात्र अंतर निवडतांच येत नाहीं. जिप्सींत बसून वाघ आणखी जवळ यावा अशी इच्छा करणाऱ्यानें हें एकदां तरी मनांत आणावें.

खरेदी करतांना

जंगलासाठीं एफ/४ ची ३०० मिलिमीटर प्राइम आम्हीं जुनी, वापरलेली घेण्याचें ठरविलें; दोन्ही कॅमेऱ्यांना बसेल अशी. जुन्या झूमच्या टोकापेक्षां तिच्यांत दुप्पट प्रकाश येतो. पहिली खेप फसली. एका मोठ्या शहरांतील विक्रेत्याकडून टपालानें आलेली लेन्स बाहेरून लखलखीत होती. पण मागून विजेरीचा प्रकाश पाडतांच आंत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी दिसली. अर्धेअधिक पैसे परत मिळावयास दोन महिने पत्रव्यवहार करावा लागला. तेव्हां वापरलेली लेन्स घ्यावयाची तर स्वतः हातांत घेऊन, छिद्र पूर्ण उघडून, विजेरी लावून पाहावी. दुसरी लेन्स आम्हीं नागपुरास जाऊन अशीच पारखून आणली.

आमच्याकडचा पावसाळा बुरशीला फार मानवतो. त्या चार महिन्यांत लेन्सेस कातडी पिशवींत ठेवूं नयेत. घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्या, आणि पुड्या ओलावल्या कीं वाळवून घ्याव्या. उन्हाळ्यांत शत्रु निराळा. चैत्र-वैशाखांत ताडोबाच्या रस्त्यांवर समोरच्या गाडीची धूळ अंगावर येते. अशा वेळीं उघड्या जिप्सींत लेन्स बदलणें म्हणजे सेन्सरवर धूळ पेरणें. ह्याचसाठीं दोन कॅमेऱ्यांचा उपयोग: जुन्यावर ३०० ची, नव्यावर ३५ ची, आणि परत येईपर्यंत दोन्हींना हात लावावयाचा नाहीं. दूरचा वाघ एकांत येतो. पहाटेचें तळें, त्यावरचें धुकें आणि शेजारीं बसलेलें माणूस दुसऱ्यांत.

घरांत एकच लेन्स घ्यावयाची असेल तर कोणती, असें आम्हांस पुष्कळांनीं विचारलें. ज्यांचें घर लहान व माणसें पुष्कळ, त्यांनीं ३५ ची घ्यावी. ज्यांच्या घरीं म्हातारीं माणसें आहेत, त्यांनीं ८५ ची लांबणीवर टाकूं नये. ५० ची स्वस्त व हलकी. मन ठरत नसेल तर तिच्यापासून आरंभ करावा.

माजघराचे कवेलू ज्येष्ठाच्या आरंभीं बदलून झाले. खात्यांतली रक्कम जशीच्या तशी त्या कामीं लागली. काम चालू असतां वहिनी पडवींतल्या खिडकीशीं तांदूळ निवडीत बसल्या होत्या. पुतण्या समोरच्या भिंतीला टेकून ८५ ची लेन्स लावून बराच वेळ उभा होता.

"एवढ्या जवळून काय बघतोस रे?" त्यांनीं मान वर करून विचारलें.

त्यानें उत्तर दिलें नाहीं. पण चित्र त्याच क्षणाचें आहे. सुपावरचा हात थांबलेला, चष्मा थोडा खालीं आलेला, आणि खिडकीचा उजेड एका गालावर. तें आतां माजघरांत दादांच्या त्या ओळखपत्राच्या फोटोशेजारीं लावलें आहे. वाघिणीचें चित्रही त्यानें कागदावर काढून घेतलें. कोपऱ्यांतला धूसर खांदा मात्र त्यांत तसाच राहूं दिला आहे.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा प्रश्न निघाल्यास, दुकानांत जाण्यापूर्वीं एक संध्याकाळ जुनीं चित्रें मोजण्यांत घालवावी, आणि त्यांत कोण किती वेळां आहे हेंही मोजावें, इतकेंच सुचवून हा लेख पुरा करितों.